देवीचा हात

देवावर मनापासून चिडायचं तर माणूस फार श्रद्धाळू असावा लागतो, आणि त्या हिशेबाने आमच्या थोरल्या मामांइतका श्रद्धाळू माणूस दौंडपासून शिरूरपर्यंत दुसरा जन्मलेला नाही. बाकीचे लोक देवळात जातात, हात जोडतात, काहीतरी मागतात आणि चपला शोधत बाहेर येतात. मामा देवळात जातात ते जाब विचारायला. दर मंगळवारी दौंडहून एसटी पकडून ते शिरूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी येतात, टेकाईच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभे राहतात आणि "तुला काय दिसतं का न्हाई गं?" अशी सुरुवात करून आठवडाभरात तालुक्यात जे काही वाईट घडलं ते देवीला ऐकवतात. कुणी बायकोला मारलं, कुणी ओढ्यात काळं पाणी सोडलं, हायवेवर ट्रकखाली कोण गेलं, सगळं. मागे रांग खोळंबते. पुजारी एकदा दबकत म्हणाला, "आबा, जरा हळू. देवीपुढं आवाज चढवू न्हाई." मामा म्हणाले, "मग कुणापुढं चढवू? बाकीचं कोण ऐकतंय माझं?" आणि रांगेला जरा थांबायला सांगून त्यांनी उरलेलं पुढे सुरू केलं.

हा स्वभाव रेल्वेने घडवला असं माझी आई म्हणते. मेंढरं वळणाऱ्या घराण्यातले मामा पहिले नोकरदार. दौंडहून सुटणाऱ्या मालगाड्यांवर ते गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माणूस एकटा असतो. ड्रायव्हर पार पुढे, मागे नुसते रूळ, आणि सिग्नल मिळेपर्यंत गाडी कुठल्यातरी माळावर उभी. तिथे मामांना बोलायला देवाशिवाय कुणी मिळालं नाही, आणि ज्याच्याशी रोज बोलावं त्याच्याशी भांडण हे होतंच. ते निवृत्त झाल्यावर रेल्वेने गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा मामा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. "मॅनेजर खुर्चीत बसतो. गार्ड गाडी राखतो," असं ते अजूनही भेटेल त्याला सांगतात. सरकारी झेंड्या जमा कराव्या लागल्या म्हणून त्यांनी मामींच्या जुन्या लुगड्यांतून एक लाल आणि एक हिरवी झेंडी शिवून घेतली. त्या दोन्ही, शिट्टीसकट, त्यांच्या पिशवीत कायम असतात, मग ते लग्नाला निघालेले असोत की दाताच्या डॉक्टरकडे.

घरातल्या देव्हाऱ्यातही शिस्त रेल्वेचीच. प्रत्येक देवाला एक खातं नेमून दिलेलं आहे आणि काम झालं नाही तर कारवाई होते. मामी एकदा फार आजारी पडल्या तेव्हा मामांनी मारुतीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. "ताकदीचं खातं ह्याच्याकडं, आन् घरातलं माणूस उठून बसंना. सस्पेंड केलाय त्याला," असं त्यांनी भेटायला आलेल्यांना सांगितलं. मामी बऱ्या झाल्यावर मारुतीला सन्मानाने पुन्हा कामावर घेण्यात आलं आणि मधल्या सगळ्या शनिवारांचे रुईच्या पानांचे हार त्याला एकदम घालण्यात आले, त्यात बिचारा दिसेनासा झाला. पुढे काही वर्षांनी मामी खरंच गेल्या, तेव्हा मात्र त्यांनी कुणालाही भिंतीकडे फिरवलं नाही. सगळ्या देवांना रोजच्यासारखी आंघोळ घातली आणि मग परसात जाऊन बराच वेळ बसून राहिले.

मी शिक्रापूरला एका कंपनीत नोकरी करते आणि तिथेच भाड्याच्या खोलीत राहते. आमच्या रस्त्याने महिन्याला चार तरी मिरवणुका जातात आणि प्रत्येकीपुढे ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर असतात. खिडकीची काच थरथरते, खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ निळं पडेपर्यंत रडतं, आणि हे सगळं देवासाठी चाललंय असं आपण समजायचं. मला राग येतो आणि मी खिडकी लावून घेते. मामा एकदा माझ्याकडे आलेले असताना असंच सुरू झालं, तर ते पिशवी घेऊन खाली उतरले आणि रस्त्याच्या मधोमध लाल झेंडी धरून उभे राहिले. ट्रॅक्टर खरंच थांबला. स्पीकरवाला परप्रांतातला होता, त्याने गाणं बंद करून घाबरत विचारलं, "अंकल, यहाँ फाटक है क्या?" मामा म्हणाले, "फाटक न्हाई. पण तुझी गाडी चुकीच्या रुळावर आलीया." मग नाचणाऱ्या पोरांकडे वळून त्यांनी, आज सण कोणता, एवढंच विचारलं. एकाने जयंती सांगितली, एकाने वाढदिवस, एकाने देवाचं कायतरी हाय असं सांगितलं आणि चौथा मित्राला विचारून सांगतो म्हणाला. मामांनी झेंडी गुंडाळली. "ठरलं की कळवा," म्हणाले आणि वर येऊन चहा मागितला.

गावात फ्लेक्स लागला की मामा त्याच्यासमोर चष्मा लावून उभे राहतात. वर नेत्यांची रांग, खाली शुभेच्छुकांची रांग आणि टेकाई कुठेतरी कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी. "ह्यातली देवी कंची?" ते मोठ्याने विचारतात. "का हे समदे मिशीवाले तिचेच अवतार?" घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभ वार्ता येईल, असं काही टाकलं की मामांचा आवाजी निरोप हजर: "देवीला काय दुसरं काम न्हाई व्हय, तुमचं अकरा मोजत बसायला?" अलीकडे ग्रुपवर वेगळे निरोप येऊ लागले होते. अमुक लोकांकडून भाजी घेऊ नका, तमुक लोकांच्या दुकानात पाय ठेवू नका. त्यांना मामा आवाजी निरोप पाठवत नसत, सरळ फोन लावत. "हे तू लिवलं का? न्हाई? मग कुणी लिवलं? म्हाईत न्हाई? मग ज्याचा धनी म्हाईत न्हाई असलं कुत्रं माझ्या घरात कशापायी सोडलं?" पलीकडचा माणूस फॉरवर्ड केलंय, फॉरवर्ड केलंय असं पुटपुटत राही आणि दुसऱ्या दिवशी दुसरं कुत्रं सोडी.

आता टेकाईबद्दल सांगायला हवं. आमच्या टेकाईला हात नाहीत. तोंडही नाही. आजोबांच्या आजोबांना टेकावर, मेंढरांच्या वाड्यात सापडलेला तो शेंदूर फासलेला गोल दगड आहे, आणि त्याच्यावर चांदीचे डोळे बसवलेले आहेत. पण देवी म्हटली की तिला बांगड्या हव्यातच. गावात अशी गोष्ट सांगतात की, दौंडकडून एक मणेर, म्हणजे मुसलमान बांगडीवाला, पेटी घेऊन चालला होता, ओढ्याकाठी बसलेल्या एका मुलीने त्याच्याकडून हातभर हिरवा चुडा भरून घेतला आणि ती दिसेनाशी झाली. तो टेकावर येऊन बघतो तर दगडापुढे ओल्या हाताचे ठसे. असली गोष्ट आणखी कितीतरी गावांत सांगत असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या गावाने तिच्यावरून एक रीत पाडली. जत्रेच्या सकाळी गावातली एखादी सून देवळाच्या ओट्यावर बसते, तिला त्या दिवसापुरतं देवीचा हात म्हणतात. त्या मणेराच्या घरातलं माणूस येऊन तिच्या हातात चुडा भरतं, ती तो हात दगडाला टेकवते, आणि मग जत्रा सुरू होते. मी लहान असल्यापासून हा मान त्या घरातल्या दौंडच्या चाचीचा होता. चाचीने चुडा भरल्याशिवाय नारळ फुटत नसे आणि पाळणाही फिरत नसे. गावच्या निम्म्या नवऱ्यांच्या करवल्यांचे आणि सगळ्या नवऱ्यांच्या बायकांचे हात तिने दाबून पाहिलेले. चाची ओट्यावर बसली की म्हाताऱ्या तिच्याभोवती आपापल्या सुनांची गाऱ्हाणी घेऊन बसत, आणि ती बांगडी चढवता चढवता सासू आणि सून दोघींनाही तुझंच बरोबर म्हणत असे. जत्रेला ती माहेर म्हणायची. चांगली साडी नेसून यायची आणि जाताना मामी तिची ओटी भरायच्या.

जत्रा कमिटीचा अध्यक्ष सध्या प्रशांत आहे, धाकट्या मामांचा मुलगा, म्हणजे थोरल्या मामांचा सख्खा पुतण्या. कंपन्यांना कामगार पुरवतो. दोन वर्षांपूर्वी जत्रेआधी देवळापुढे बैठक बसली. आम्ही बायका मागे ओट्यावर होतो. पाळणे, तमाशा, वर्गणी असं सगळं झाल्यावर प्रशांतने घसा साफ केला. "यंदा बाहेरच्या लोकांची दुकानं लावायची न्हाईत, असं ठरलंय. चुड्याचं पण आपण आपलं बघू."

मामा म्हणाले, "बाहेरचं म्हंजी कोण?"

"आबा, वातावरण बदललंय. सगळ्या गावांनी ठराव केल्यात."

"मी वातावरण न्हाई इचारलं. पाळणेवाला परभणीचा हाय, तो चालतो. भेळवाला कुठला हाय त्याचं त्यालाच ठावं न्हाई, तो चालतो. मग बाहेरचं कोण?"

"तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय. पण तुझ्या तोंडानं म्हण की. चाचीनं तुझ्या आयच्या हातात चुडा भरलाय. म्हण, चाची बाहेरची हाय."

प्रशांत मोबाइलकडे बघत राहिला. तेवढ्यात पाठीमागून एक पोरगा ओरडला, "किती दिवस ऐकून घ्यायचं? आपण काय हातात बांगड्या भरल्यात का?" आणि टाळ्या पडल्या.

मला अजूनही त्या टाळ्यांचा संताप येतो. बांगडीच्या मानावर बैठक चाललीय, समोर बसलेल्या देवीला बांगड्यांशिवाय चालत नाही, मागे ओट्यावर बांगड्या भरलेल्या हातांनी तुमच्या आया, बहिणी आणि बायका बसल्यात, त्यांच्याच हातच्या भाकरी खाऊन तुम्ही आलात, आणि भेकड कुणाला म्हणायचं तर बांगड्या भरलेल्याला. सोसायटीचे चेअरमन तिथे होते, माजी सरपंच होते, प्रवचन करणारे एक बुवा होते. रोज दया, क्षमा, शांती तोंडी असलेली ही मोठी माणसं खाली मान घालून चहा फुंकत होती. धर्म बुडतोय म्हणून गळा काढणाऱ्या एकालाही, तो आपल्या समोर या क्षणी बुडतोय हे दिसलं नाही. मला वाटलं आता मामा भडकतील. पण त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडकडे चालू लागले. आम्ही घाबरलो ते तेव्हा.

जत्रेच्या सकाळी मामा दौंडहून चाचीला घेऊन आले. तिला सगळं कळलेलं होतं. ती येणार नव्हती. मामा तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि "गाडीची येळ झाली" एवढंच म्हणाले, असं तिने मला नंतर सांगितलं. गावच्या कमानीखाली भगव्या उपरण्यांची दहाबारा पोरं आडवी उभी होती. मामांनी हिरवी झेंडी काढली, गार्डची लांब शिट्टी फुंकली आणि चालत राहिले, मागून बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतलेली चाची. त्या शिट्टीवर ती पोरं लहानपणी मामांची मालगाडी होऊन अंगणभर पळालेली होती. बाजूला व्हायचं नाही असं ठरवून आलेली पोरं बाजूला झाली आणि झाल्यावर एकमेकांकडे चिडून बघू लागली.

चाची ओट्यावर बसली, तिने पेटी उघडली, फडका अंथरला. "कोण बसतंय?" तिने विचारलं. कुणी बसलं नाही. देवीचा हात गावच्या सुनेचाच लागतो, माझ्यासारख्या भाचीला तो मान नाही, आणि गावच्या सगळ्या सुना आपापल्या नवऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. दरवर्षी ह्या मानासाठी ह्याच बायका कमिटीवाल्यांच्या मागे लागत.  चाची खाली बघून फडका पुन्हा गुंडाळायला लागली.

तेव्हा मामा तिच्यासमोर मांडी घालून बसले, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि तो केसाळ, रापलेला हात तिच्यापुढे केला. "भर," म्हणाले.

"भाऊ, काय करताय? मर्द माणसाच्या हातात?"

"परवा बैठकीत एकानं इचारलंय, हातात बांगड्या भरल्यात का म्हणून. त्याला जाब द्यायचाय. भर तू. देवीला कुठं नर-मादी हाय, दगडच हाय ती, माझ्यासारखी."

चाचीने पेटीतलं सगळ्यात मोठं माप काढलं. तेही जाईना. मामांच्या हाताची हाडं उभं आयुष्य ब्रेक ओढून ओढून रुंद झालेली. पहिल्या दोन बांगड्या फुटल्या. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. चाची आपल्या रीतीने "वाढवली गं आई, वाढवली" म्हणत राहिली आणि मामांच्या मनगटातून रक्त आलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग म्हाताऱ्या हसायला लागल्या, मग सगळाच ओटा हसायला लागला. आणि त्या हसण्यातून माझी धाकटी मामी, प्रशांतची आई, साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. जन्मात थोरल्या दिरासमोर तिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तिने मामांच्या हाताला साबण लावला. "आबा, अंगठा आत घ्या, जोर लावू नका," म्हणाली. "भांडाय बसल्यावानी काय करताय?" प्रशांतने गाडीला किक मारली आणि निघून गेला. हात भरल्यावर मामा उठले, गाभाऱ्यात गेले आणि तो हिरवा चुडा भरलेला हात त्यांनी दगडाला टेकवला. त्या दिवशी त्यांनी देवीला एक शब्दही सुनावला नाही.

व्हिडिओ व्हायरल झाला हे सांगायला नकोच. त्याला गाणं लावलं, मामांच्या कपाळावर कुंकू काढलं, खाली लोकांनी जे लिहिलं ते मी वाचलं आणि मामांना वाचू दिलं नाही. हे लिहिणाऱ्यांच्या नावांपुढे देवांचे फोटो होते. मामा मात्र चुडा भरलेल्या हाताने दौंडभर हिंडले. देवीचा चुडा उतरवायचा नसतो, आपोआप वाढला तर वाढला. स्टेशनवर जुन्या सोबत्यांनी विचारलं, "गार्डसाहेब, डोहाळजेवण कवा?" मामा म्हणाले, "देवीला इचारून सांगतो. तुम्ही आहेर तयार ठेवा." एकेक करून बांगड्या वाढत गेल्या आणि शेवटची पाणी उपसताना हौदाच्या कडेला लागून गेली.

माझा हा मामा जिंकला असं मला लिहायला आवडलं असतं. पुढच्या वर्षी जत्रेआधी मामा चाचीच्या दारात उभे राहिले, तेव्हा तिने त्यांना आत बसवलं, सरबत दिलं आणि येत नाही म्हणाली. मामा चिडले, झेंड्या दाखवल्या, कोण अडवतं बघतो म्हणाले. चाची म्हणाली, "भाऊ, तुम्ही भांडलात ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण दरवर्षी भांडून आत जायचं, मग ते माहेर कसं राहील?" मामांनी झेंड्या पिशवीत ठेवल्या आणि सरबत संपवलं. 

यंदाच्या जत्रेत चुडा ऑनलाइन मागवला होता. प्लॅस्टिकचा डबा, वर बारकोड. हात म्हणून कुणाला बसवायचं यावर कमिटीत वाद झाला, उशीर व्हायला लागला, पाहुणे आमदार खोळंबले, तेव्हा कुणीतरी तो डबा तसाच, न फोडता, देवीपुढे ठेवला आणि नारळ फोडून टाकला. धाकटी मामी तिथून उठून घरी गेली. मामा खांबाला टेकून बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, आता तरी ओरडा म्हणून. त्यांनी पिशवी उचलली आणि मला म्हणाले, "चल, दौंडला जाऊन येऊ."

चाचीचं दुकान बाजारातल्या बोळात आहे, एक माणूस बसेल एवढं. तिने आम्हाला पाहिलं, जत्रेचा दिवस तिला ठाऊक होता. पाणी दिलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग पेट्या नीट लावत, आमच्याकडे न बघता विचारलं, "यंदा हात कोण झालं?"

 मामा तोवर आयुष्यात कधी खोटं बोललेले नव्हते. खुद्द देवाला तोंडावर बोलणाऱ्या माणसाला खोट्याची गरजच पडली नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही झाली," म्हणाले.

चाचीने माझ्या हातांकडे पाहिलं. एका हातात घड्याळ होतं आणि दुसरा मोकळा होता. तिने मामांकडेही पाहिलं. मामा बाहेर बोळाकडे तोंड करून बसले होते. मग तिने माझं घड्याळ काढून माझ्याच पिशवीत ठेवलं, मागच्या फळीवरून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या आणि माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"ढिला सोड," म्हणाली. मी हात ढिला सोडला.